आचलचे आकडे

सरोजिनी मॅडम अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. आचल त्यांच्याकडे एम.एस्सी.चा प्रकल्प करत होती. कपाशीवर फवारायचं एक कीटकनाशक पाण्यात किती वेगानं तुटून नाहीसं होतं, हे तिला मोजायचं होतं. एक पाणी लॅबमधलं शुद्ध, दुसरं तिच्या गावच्या, तेल्हाऱ्याच्या घरच्या विहिरीचं, खारं. दर तीन दिवसांनी ती उरलेलं औषध मोजायची, लॉग काढायची, आलेखावर बिंदू मांडायची. रेषेच्या उतारावरून वेग स्थिरांक, म्हणजे औषध तुटण्याचा वेग, मिळायचा.

विहिरीच्या पाण्यातला स्थिरांक जवळजवळ चौपट आला. बिंदू इतके सरळ रेषेत, की मॅडमना विश्वासच बसेना.

"हे मोजलंस, की घरी बसून लिहिलंस?" त्यांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं.

"मोजलं, मॅडम."

"मग नवं पाणी आण आणि पुन्हा कर."

रविवारी घरून पाण्याचा कॅन भरून घेऊन आचल तेल्हाऱ्याहून अकोल्याकडे येणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये बसली. वाटेत ट्रकनं गाडीला धडक दिली. आचल जागीच गेली.

महिनाभर मॅडमनी तिच्या वहीला हात लावला नाही. मग लॅबच्या फ्रीजमध्ये तिच्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली जुन्या पाण्याची बाटली सापडली. त्यांनी स्वतः प्रयोग लावला. तीस दिवस, अकरा नोंदी. आचलचा स्थिरांक ०.०४५ होता, त्यांचा ०.०४६ आला. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साडेआठच्या वर होता, म्हणून औषध झपाट्यानं तुटत होतं. सामू मोजायला तेव्हा दोन मिनिटं लागली असती.

त्या तेल्हाऱ्याला गेल्या. आचलचे वडील नत्थुजी आणि आई मनकर्णाबाई ओसरीत बसले होते. मॅडमनी आलेख पुढं केला. "तिचे आकडे बरोबर होते. चूक माझी झाली. मीच तिला पाणी आणायला पाठवलं."

मनकर्णाबाई म्हणाल्या, "फोनवर रडून राह्यली होती. म्हने, मॅडमले वाटते मी खोटं लिवलं."

नत्थुजींनी आलेखाचा कागद मॅडमकडं परत सरकवला.

"हे तिले सांगाले पाह्यजे होतं, मॅडम. आमाले सांगून काय फायदा?"



पुढं शोधनिबंध छापून आला. त्यावर आचलचं नाव पहिलं होतं. मॅडमनी एक प्रत तेल्हाऱ्याला पाठवली. तिकडून काहीच उत्तर आलं नाही, आणि फोन करायचा त्यांना धीर झाला नाही.