आत आणलेली टाकी

धाकटीने दार उघडलं आणि उंबरठ्यावरच थबकली. खोलीत गॅसचा वास कोंडला होता, कुजक्या कांद्यासारखा, घशाला झोंबणारा. दुपार अजून कलली नव्हती, पण खिडक्या बंद आणि पडदे ओढलेले, त्यामुळे आत अंधार होता. तिचा हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे गेला. तो तिने अर्ध्यातूनच मागे घेतला.

थोरली जाऊ पायाच्या शिलाई मशीनशी बसली होती. अंगावर शाल, सुईखाली कुणाच्या तरी पडद्याची दुमड, हात मांडीवर.

"ताई, उठा. बाहेर चला."

"काय झालं?"

"गॅस. आधी उठा, मग सांगते."

थोरली उठली, पण शेजारणीने गप्पांना बोलावलं असावं तशी. शाल नीट केली, एक चप्पल सापडेना म्हणून खाली वाकली. धाकटीने तिला दंडाला धरून तशीच बाहेर काढलं आणि नाकाला ओढणी लावून पुन्हा आत गेली. एरवी बाहेर अंगणात असणारी गॅसची टाकी शेगडीच्या कोपऱ्यात उभी होती, जिथे ती कधीच नसायची. तिने वरची चावी घट्ट बंद केली, खिडक्या उघडल्या, मागचं दार सताड केलं. मग बाहेर येऊन पायरीवर बसली. थोरली अंगणात एक पाय अनवाणी ठेवून उभी होती. जमीन गोठून दगड झाली होती.

"पाय गारठला असेल," धाकटी म्हणाली.

थोरलीने पायाकडे पाहिलं. "हो का," असं म्हणाली.

धाकटीने फोन केला तेव्हा तिचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर, आणि गॅसवाला पाठोपाठच आले. गॅसवाला बोलक्या स्वभावाचा, जाडजूड माणूस होता. आधी तो धाकटीवरच घसरला.

"आत परत कशाला गेलात? बाहेर यायचं, लांब उभं राहायचं आणि फोन करायचा. टाकी काय पळून जाते?"

"चावी उघडी होती."

"असू दे उघडी. चावीपेक्षा तुम्ही महाग."

त्याने जोडावर साबणाचं पाणी लावलं. फेस फुगून बुडबुडे आले. आतलं रबर थंडीने कडक होऊन तडकलं होतं, हलवताना आणखी फाटलं असणार. मग त्याने विचारलं की टाकी आत आणली कुणी.

"मी," थोरली म्हणाली. "बाहेर गॅस येईना. ज्योत मुंगीएवढी झाली. वाटलं, आत उबेला ठेवली तर येईल."

"सगळ्यांना असंच वाटतं," गॅसवाला म्हणाला. "थंडीत टाकी तळाला गेली की ज्योत बसतेच. भरलेली मागवायची. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की वर जात नाही, जमिनीवर साचत राहतो. म्हणून टाकी कायम बाहेर, उभी, खिडकीपासून लांब." त्याने हात पुसले. "पण एवढा साचेपर्यंत तुम्हाला वास नाही आला?"

"नाही."

गॅसवाल्याने दिराकडे पाहिलं. दिराने धाकटीकडे. मग गॅसवाल्याने टाकी उचलली. अंगणात टाकी नेऊन ठेवल्याचा दणका तेवढा ऐकू आला.

थोरलीच्या नवऱ्याला जाऊन दोन महिने होत आले होते. पानगळीत घरात सगळ्यांना ताप आला. बाकीचे उठले, तो उठला नाही. थोरली रडली नव्हती. आलेल्यांना पाणी दिलं, गेलेल्यांच्या मागे दार लावलं आणि मशीनवर बसली. बाई खंबीर आहे, असं गल्लीत सगळे म्हणाले. मूळचीच ती नाकासमोर चालणारी, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

आता खंबीर हा शब्द घरात कुणी काढेना. औषधांच्या डब्यातून झोपेच्या गोळ्या गायब झाल्या. धाकटी दिवसातून चारदा काही ना काही निमित्त काढून खाली येऊ लागली; कधी साखर संपलेली असे, कधी बटण तुटलेलं. दीर जिन्यावरून उतरताना मुद्दाम खोकत उतरायचा. थोरलीला हे सगळं दिसत होतं. ती साखर देई, बटण लावून देई.

नासलेल्या दुधाने उलगडा झाला. धाकटी बसलेली असताना थोरलीने चहा केला. दूध इतकं आंबलं होतं की धाकटीने कप तोंडाजवळ नेताच खाली ठेवला. थोरली घोट घोट पीत होती.

"ताई, वास येत नाही याला?"

"कशाला?"

धाकटी उठली. तिने लसूण ठेचून समोर धरला, मग व्हिनेगरची बाटली, मग बुटांना लावायचं पॉलिश. थोरली शहाण्या मुलासारखी प्रत्येक वेळी श्वास घेई आणि मान हलवी.

डॉक्टरांनीही तेच केलं, फक्त लहान लहान बाटल्या घेऊन. तापानंतर काहींचं असं होतं, म्हणाले. कधी परत येतं, कधी नाही. गॅस वापरत असाल तर घरात गॅस गळला की वाजणारा भोंगा बसवून घ्या.

दीर त्या दिवशी मोकळा हसला. भोंगा जमिनीलगत बसवायचा म्हणून पालथा पडून स्क्रू पिळता पिळता म्हणाला, "वहिनी, आमचं अख्खं घराणं नाकाने कांदे सोलणारं. नेमकं तुमचंच नाक संपावर गेलं." थोरलीच्या ओठांचा कोपरा हलला. गोळ्या डब्यात परत आल्या. दोन दिवस धाकटीला साखर लागली नाही.

तिसऱ्या दिवशी ती आली ती सहज, शेंगा सोलायला. दोघी खिडकीशी बसल्या. काचेवर वाफ धरली होती. बराच वेळ फक्त शेंगा फुटण्याचा आवाज.

"आवाज येत होता," थोरली म्हणाली.

"कसला?"

"टाकीचा. वास नव्हता येत, पण आवाज येत होता. मशीन थांबवलं की ऐकू यायचा. बारीक. फुस्स असा."

धाकटीच्या हातातली शेंग अर्धी सोललेली राहिली.

"कळलं होतं, कसला आहे ते?"

"हो." थोरलीने दाणे वाटीत टाकले. "म्हटलं, उठून बंद करू. एवढी दुमड झाली की उठू. मग दुमडही झाली नाही. बसूनच राहिले."

"ताई."

"मुद्दाम नाही गं. मुद्दाम करायलाही अंगात काहीतरी असावं लागतं."

वरून दिराने हाक मारली. जेवण गार होतंय म्हणाला. धाकटीने तोंड वर करून सांगितलं, "तुमचं तुम्ही वाढून घ्या. मी आज खालीच झोपणार आहे."

"का?"

"असंच. वर थंडी लागते."

तो काहीतरी पुटपुटला आणि दार लागलं. धाकटीने उरलेल्या शेंगा सोलल्या, सालं गोळा केली, वाटी कट्ट्यावर ठेवली. मग परत येऊन पहिल्यापेक्षा जवळ बसली.

"सकाळी डॉक्टरकडे जाऊ."

"नाक तर बघितलं त्यांनी."

"नाकासाठी नाही."

 शालीतून निघालेला एक दोरा थोरली बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.  धाकटीने तिच्या पायांवर चादर ओढली.

मग थोरली म्हणाली,

"सकाळी फार गार असेल का गं बाहेर?"