चिमीच्या पायातलं मीठ

कट्. मग टण्.

अमेय नुकताच झोपला होता. पाच महिन्यांचं बाळ झोपलं की दोहाच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कुकरसुद्धा लावायची बंदी असते. त्या शांततेत स्वयंपाकघरातून पुन्हा आवाज आला. कट्, टण्. मी अनवाणीच जाऊन पाहिलं. सासूबाई ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या पाकिटातून अंगठ्याने एकेक गोळी काढत होत्या आणि केराच्या स्टीलच्या डब्यात टाकत होत्या. मटार सोलावेत इतक्या निवांत.

मला पाहून त्या दचकल्यासुद्धा नाहीत. पाकीट भरलेलं दिसलं असतं तर तू ओळखलं असतंस, म्हणून आठवड्याच्या गोळ्या एकदमच काढून टाकतेय, असं त्यांनी मला समजावून सांगितलं.

"किती दिवस झाले, आई?"

"नऊ. आणि बघ, काही झालंय का मला?"

मी प्रेशरचं यंत्र काढून त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर आला. बारा वर्षं गोळ्या घेऊन तो एकशे तीसच्या आसपास ठेवलेला होता. त्यांचे वडील याच दुखण्याने एका सकाळी अंगणात पडले आणि पुढची चार वर्षं त्यांची उजवी बाजू हलली नाही, हे मला त्यांनीच सांगितलेलं. तरी आता म्हणाल्या, तुझं यंत्र बिघडलंय. माझ्या यंत्रावरचा त्यांचा विश्वास उडाला होता, कारण दुसऱ्या एका यंत्रावर तो नको तितका बसला होता.

त्या यंत्राची जाहिरात आमच्या मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली होती. तिथे रोजच बाजार भरलेला असतो. पुरणपोळीच्या ऑर्डरी, साडीला फॉल-पिको, मुलांना शाळेत पोचवणारी कार लिफ्ट, कायमचे परत चाललेल्यांचा सोफा. त्यात एके दिवशी कमळावर ठेवलेल्या दोन तळपायांचं चित्र झळकलं. खाली लिहिलं होतं, 'पादामृत. पायांवाटे विष बाहेर. सांधेदुखी, केसगळती, अपचन, निद्रानाश, प्रेशर, चिडचिड, मुलांचा हट्ट, नवऱ्याचं घोरणं. औषध नाही, इंजेक्शन नाही. परिणाम स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.' सोबत एका बाईंचा अनुभवही होता. तीन वेळा पाय बुडवले आणि चष्मा सुटला म्हणे.

माझी सहा वर्षांची गार्गी मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी. पण 'पादामृत'मधला पहिला शब्द तिला अचूक मराठीत कळला, आणि दोन दिवस ती सोफ्यावर लोळून हसत होती. आजीने दटावलं, तेव्हा तोंडावर उशी धरून हसली.

मी स्वतः कॉम्प्युटर इंजिनिअर, असल्या जाहिरातींना हसणारी. अमेय फार किरकिरला की मीठ-मोहरी ओवाळून तापल्या तव्यावर टाकते, तडतडली की दृष्ट लागली होती म्हणायचं, पण ते वेगळं.

शुक्रवारी अल मुंतझा भागात, आमचा ग्रुप चालवणाऱ्या विभावरीताईंच्या हॉलमध्ये पहिला कार्यक्रम झाला. दाराबाहेर चपलांचा ढीग इतका वाढला की शेजारच्या सलमाभाभींनी दार उघडून, लग्न आहे का, असं विचारलं. आत पन्नासेक माणसं दाटीवाटीने बसलेली. मध्ये पादामृतवाले देवव्रत सर. पांढरा कुर्ता, कानाला माईक. हॉल एवढासा की ते कुजबुजले असते तरी शेवटच्या रांगेला ऐकू गेलं असतं, पण माईकने माणूस मोठा दिसतो.

"आपण इथे काय पितो?" त्यांनी विचारलं. "समुद्र पितो. गोडा करून पितो, पण समुद्रच. मग मला सांगा, त्यातलं मीठ कुठे गेलं?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"जड वस्तू कुठे जाते? खाली. तुमच्या घोट्यांत बसलंय ते."

पन्नास जणांनी आपापल्या घोट्यांकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, मीही पाहिलं. दोहात आलेली प्रत्येक मराठी बाई सहा महिन्यांत केस गळायला लागले की नळाला शिव्या घालते. सरांना नवं काही पेरायचंच नव्हतं. आमचं शेत नांगरून तयार होतं.

माझा नवरा विजय समुद्राचं पाणी गोडं करण्याच्याच कारखान्यात इंजिनिअर आहे. मीठ कारखान्यातच वेगळं होतं आणि परत समुद्रात जातं, हे त्याने नंतर घरी आईला वहीत आकृती काढून दाखवलं. सासूबाईंनी आकृती नीट पाहिली आणि म्हणाल्या, पगार त्यांचा घेतोस, तू तसंच सांगणार. विजय पुन्हा शिफ्टला निघून गेला.

तर चमत्कार असा. प्लॅस्टिकचा टब, त्यात कोमट पाणी. त्यात चमचाभर 'अमृतक्षार'. मग वायरला जोडलेली बोटाएवढी कांडी पाण्यात सोडायची, पाय ठेवायचे आणि हिरवा दिवा लावायचा. पाच मिनिटांत पाणी पिवळं होतं, दहा मिनिटांत चहासारखं, अर्ध्या तासात तपकिरी फेसाचा आणि काळ्या कणांचा चिखल. पाहणारे शहारतात. भिंतीवर रंगांचा तक्ता असतो. पिवळं म्हणजे मूत्रपिंड, नारिंगी म्हणजे सांधे, तपकिरी म्हणजे लिव्हर.

सासूबाईंची पाळी आली तेव्हा सर स्वतः खाली बसले. त्यांचे पाय मांडीवर घेऊन टॉवेलने पुसले. नाशिकला घर कुठे, किती मुलं, इथे करमतं का, सगळं विचारलं. मग टबाकडे बोट केलं.

"काकू, हे काळे कण दिसले? या तुमच्या बारा वर्षांच्या गोळ्या. आत्ता कुठे बाहेर पडायला लागल्यात. आता वरून नव्या ढकलू नका."

एवढं एक वाक्य. त्यापायी ते यंत्र महिनाभरासाठी भाड्याने आमच्या घरी आलं आणि गोळ्या केराच्या डब्यात गेल्या.

मी रागावले, रडले, विजयला फोन लावून दिला. त्याला त्या म्हणाल्या, पाण्याचा रंग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर हात सोडवून घेतला. दुसऱ्या दिवशी आकडा एकशे ब्याऐंशी. सकाळी उठल्यावर त्यांचं डोकं दुखायचं, ते त्या माझ्यापासून लपवायच्या आणि विष उतरतंय असं गार्गीला सांगायच्या.

बुधवारी दुपारी अमेयला पाजून बाहेर आले, तर सासूबाईंच्या खोलीतून हिरवा उजेड. टबापुढे स्टुलावर गार्गीची बाहुली बसलेली. तिचं नाव चिमी. खांद्यावर टॉवेल, पाय पाण्यात. मी आधी प्लग काढला आणि मग ओरडले.

"बट आई, चिमीज हेअर इज फॉलिंग," गार्गी म्हणाली.

ते खरं होतं. ते केस गार्गीनेच कात्रीने कापले होते. पण मी टबात पाहिलं आणि पुढचं ओरडायचं विसरले. तोच तपकिरी चिखल, तोच फेस. बारा वर्षांच्या गोळ्यांचे तेच काळे कण, आणि ते एका रबरी बाहुलीच्या पायांतून. अमेय उठू नये म्हणून ओढणी तोंडात कोंबून मी हसले.

सासूबाईंना हाक मारून दाखवलं. त्यांनी क्षणभर पाहिलं, आणि लेकराने पाण्यात हात घातला असेल, तिचंच विष आहे ते, असं म्हणून माळ ओढायला गेल्या. मला कळलं, माझ्या सांगण्याने हे उतरायचं नाही. ज्याने चढवलं त्याच्याकडूनच उतरवून घ्यायला हवं. मी टबाचा फोटो काढला.

संध्याकाळी मच्छिंद्रला बोलावलं. तो पाथर्डीकडचा. आमच्या बिल्डिंगचे गीझर आणि एसी तोच दुरुस्त करतो, आणि मला ताई म्हणतो. त्याने यंत्राची कांडी उजेडात धरून उलटसुलट पाहिली, नखाने खरवडली आणि गालातल्या गालात हसला. काय आहे विचारलं, तर म्हणाला, शुक्रवारी मला सुट्टीच आहे, मीच सोडतो गाडीने.

शुक्रवारी हॉल पुन्हा भरला. सासूबाई आणि गार्गीबरोबर मच्छिंद्रही आत येऊन बसला. मी हात वर करून म्हटलं, आमच्या घरी अजून एक पेशंट आहे, तिच्या पाण्याचा फोटो आणलाय. देवव्रत सरांनी फोन हातात घेऊन मान हलवली. वय विचारलं. तीन वर्षं, मी म्हटलं. जन्म इथलाच का? नाही, चीनचा. चीनमध्ये प्रदूषण फार, असं सर सगळ्यांना उद्देशून म्हणाले.

"जेवण?"

"एक घास घेत नाही, सर."

"केस?"

"मूठभर राहिलेत."

"पोट?"

"पोट दाबलं की रडते."

"तेच." सरांनी तक्त्यावरच्या तपकिरी रंगावर छडी ठेवली. "लिव्हर. बारा वेळा बसवावं लागेल. काही औषध चालू असेल तर आजच बंद करा. पेशंटला आणलंय?"

गार्गी या प्रश्नाचीच वाट पाहत होती. तिने पिशवीतून चिमीला काढलं, सरांच्या पुढ्यात सतरंजीवर बसवलं आणि पोट दाबलं. चिमी रडली.

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि ते हसू पुढे पुढे आलं. सर मात्र कसलेले होते. त्यांनी चिमीला प्रेमाने उचललं आणि सांगितलं की बाहुली ही मुलीची सर्वांत जवळची वस्तू, मुलीचं विष बाहुलीत उतरतं आणि यंत्र ते तिथूनही खेचतं. दोनचार माना हलल्यासुद्धा असत्या, पण मच्छिंद्र उठला.

"मग सर, कुणाचंच पाय नगं. ना माणसाचं, ना बाहुलीचं."

सर नको नको म्हणत होते, तोवर त्याने ताजं पाणी भरलं, चमचाभर अमृतक्षार टाकला, कांडी सोडली, दिवा लावला आणि हात मागे बांधून उभा राहिला. पन्नास माणसं नुसत्या पाण्याकडे बघत बसली. पाच मिनिटांत पिवळं. दहा मिनिटांत चहा. मी सासूबाईंकडे पाहायचं टाळत होते.

त्याच उठल्या. गुडघ्यावर हात टेकत टेबलाशी गेल्या, अमृतक्षाराची बरणी उघडली, बोट ओलं करून आत बुडवलं आणि जिभेला लावलं. पन्नास वर्षं आमटीची चव बघणारी जीभ ती.

"मीठ आहे हे," त्या म्हणाल्या.

"काकू, हिमालयातला क्षार आहे."

"हिमालयातलं असेल. मीठच आहे." त्यांनी बरणीला झाकण लावलं. "तुम्ही म्हणता इथलं पाणी खारं, म्हणून घोट्यात मीठ साठतं. पाणी खारंच आहे, तर वरून मीठ कशाला घालता हो?"

सरांनी कानाचा माईक काढून खिशात घातला.

मच्छिंद्रने दुसऱ्या टबात नळाचं पाणी घेतलं, या वेळी मिठाशिवाय. पंधरा मिनिटं झाली तरी पाणी जवळजवळ नितळ. तळाशी पिवळसर झाक, तीही कांडीच्या भोवतीच. मग त्याने कांडी बाहेर काढून सगळ्यांना दाखवली. खडबडीत, कुरतडल्यासारखी.

"ही लोखंडाची हाय. मीठ घातलं की पाण्यातनं करंट जोरात पळतो आन् लोखंड खातो. ह्यो चिखल म्हंजे गंज. गीझरमधी आमी मुद्दाम एक कांडी घालतो, टाकी गंजू नये म्हणून तीच गंजती. दोन वर्षांनी काढली तर अशीच दिसती. काळं कण बी तिचंच." मग जरा थांबून सासूबाईंना म्हणाला, "गोळ्या न्हाईत त्या, काकू."

देवव्रत सरांना वेस्ट बेमधली एक मीटिंग आठवली. वायर गुंडाळताना त्यांची कांडी विसरली, ती मच्छिंद्रने त्यांना लिफ्टपर्यंत नेऊन दिली. विभावरीताईंनी सगळ्यांसमोर ग्रुपवरची जाहिरात काढून टाकली आणि चहा ठेवायला आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

आम्ही तिथून सरळ डॉक्टरकडे गेलो. त्यांनी तपासून गोळ्या पुन्हा चालू केल्या आणि नशीब म्हणा, वेळेवर आलात म्हणून बरं झालं, असं सांगितलं. गाडीत सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मला पाय हलके कसे वाटत होते गं, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोमट पाणी होतं, अर्धा तास बसणं होतं, आणि कुणीतरी तुमचे पाय हातात घेऊन करमतं का विचारत होतं. हे शेवटचं मला दोन लेकरांच्या गडबडीत त्या नाशिकहून आल्यापासून सहा महिन्यांत जमलं नव्हतं. आता अमेय झोपला की साध्या कोमट पाण्याची बादली भरते आणि त्यांच्यापाशी बसते. रोज दुपारी स्वयंपाकघरात 'कट्' ऐकू येतं, पण नंतरचं 'टण्' येत नाही. गोळी तळहातावर पडते.

हे लिहिण्याचं कारण एवढंच. कुणी डोळ्यांदेखत चमत्कार दाखवला, तर त्यातली एक गोष्ट काढून घ्या आणि पुन्हा करून पाहा. पाय काढा. मीठ काढा. पाय काढूनही पाणी तपकिरी झालं, तर ते पायांमुळे होत नव्हतं. याला शिक्षण लागत नाही, माझ्या सहा वर्षांच्या मुलीला ते जमलं. आणि डॉक्टरांची गोळी थांबवायची असेल तर डॉक्टरांनाच विचारा, टबाला नको.

त्या शुक्रवारीच, डॉक्टरांकडून परतल्यावर तिन्हीसांजेला सासूबाई म्हणाल्या, पोरीचं आज सगळ्यांनी फार कौतुक केलं, मीठ-मोहरी ओवाळून टाक. मीही सवयीने मूठ भरली. गार्गीला पाटावर बसवलं, तर तिने मांडीवरच्या चिमीला उचलून माझ्यापुढे धरलं.

"आई, आधी चिमीची दृष्ट काढ," ती चक्क मराठीत म्हणाली. "तिची मोहरी पण तडतडली, तर?"