पागोळीचं पाणी

अर्धांगाचा झटका आल्यापासून विश्वनाथरावांची जीभ जड झाली होती. बरेच दिवस एकही शब्द उमटला नव्हता, आणि उमटला तो असा, की मुलाने आईला दारातच अडवले.

"आई, पाणी मी पाजतो. तू नको जाऊस आत."

"का रे?"

श्रीरंग घुटमळला. दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला मुलगा. मयूर विहारच्या या फ्लॅटचा आता तोच कर्ता. "तू चमचा पुढे केलास ना, की बाबा तोंड फिरवतात. आणि तुला... पगली म्हणतात. मी साफ ऐकलंय, आई."

अलकनंदाबाईंना कमी ऐकू येई. त्यांनी नुसते ओठ हलताना पाहिले होते. जन्मभर 'अगं'पलीकडे ज्यांनी हाक मारली नाही, ते आता जाता जाता वेडी म्हणतात? पण रुसायला वेळ नव्हता. कालपासून विश्वनाथरावांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. आजही घेतलं नाही तर इस्पितळात नेऊन नळी घालू, असे डॉक्टर सांगून गेले होते. आणि इस्पितळातून मी परत यायचा नाही, हे त्यांचे दुखणे येण्याआधीपासूनचे बोलणे.

त्या दाराबाहेर स्टुलावर बसून राहिल्या. दुपारी भाद्रपदातली सर आली. खाली स्कूटर ठेवायच्या शेडचा पत्रा वाजू लागला. विश्वनाथरावांचा धड हात खिडकीकडे उचलला गेला, ओठ पुन्हा हलले. अलकनंदाबाई उठल्या, मुलाला न जुमानता आत गेल्या आणि कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"पा... गोली."

त्यांना रडूच कोसळले. "अरे, पगली नाही रे! पागोळी म्हणतायत. जिभेला 'ळ' पेलत नाही आता त्यांच्या."

"पागोली म्हणजे?"

काय सांगणार? श्रीरंगला कळू लागण्याआधी क्वार्टरच्या मागच्या अंगणात पत्रा होता. त्याच्या कडेने पाऊस धारा धरून ओघळायचा, त्या पागोळ्यांखाली त्या पातेले मांडत. दिल्लीच्या जड पाण्यात तुरीची डाळ काही केल्या शिजत नसे. त्या पाण्यात लोण्यासारखी मऊ होई. ऑफिसातून येताच विश्वनाथराव पाटावर बसण्याआधी अंगणात डोकावत आणि विचारत, "अगं, पागोळी लागली का?" मग आधी पेलाभर पाणी तसेच पिऊन टाकत.

"पत्र्यावरून पडतं ना, ते पाणी," त्या एवढेच म्हणाल्या. "खाली जा. आधी धूळ वाहून जाऊ दे, मग पातेलं धर."

श्रीरंग छत्री न घेताच धावला. चिंब होऊन वर आला, तेव्हा पातेले जेमतेम अर्धे भरले होते. अलकनंदाबाईंनी पाणी गाळले, उकळले, निववले. उशी उंच करून चमचा ओठांशी नेला.

"अहो, पागोळी लागली."

विश्वनाथरावांनी तोंड फिरवले नाही. पहिला चमचा कडेने ओघळला. दुसरा घशाखाली उतरला. मग आणखी एक. पेला संपायला बराच वेळ लागला, पण संपला.

"आता डाळ लावते," त्या उठत म्हणाल्या. "डाळीवरचं पाणी पाजू संध्याकाळी."

"बाबा, अजून आणू? पागोली?" श्रीरंग वडिलांच्या कानाशी वाकून विचारत होता.

मुलाचा 'ळ' सुधारायची अलकनंदाबाईंची जुनी सवय. आज मात्र त्यांनी ती मोडली, आणि रिकामे पातेले त्याच्या हाती दिले.