साक्षात्कारी दगड आणि बारवेची दुसरी वाट

दगडावर पाणी पडलं आणि दगड बोलला. निदान आमच्या सावळदऱ्यात तरी असंच म्हणायचं ठरलं होतं.

बारवेच्या, म्हणजे गावच्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीच्या, काठावर सारा गाव लोटला होता. बोरीहून जीपा भरभरून माणसं आली होती. भोंगा लागला होता आणि चौरंगावर एक करडा दगड मांडला होता. त्याच्यामागे बसले होते अक्षरानंद महाराज. दिवाळीनंतर त्यांना स्वप्न पडलं, त्यांनी आबासाहेबांच्या शेतात बोट दाखवलं, तिथं खणलं आणि हा दगड निघाला. गावात शेतं पुष्कळ, पण दगडानं बरोबर सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याचं रान निवडलं. दगड हुशार होता, यात शंका नाही.

"विज्ञान जिथे संपतं, तिथे आम्ही सुरू होतो!" महाराज गरजले. "पाहा, कोरा पाषाण. कुणी हात लावू नका, ऊर्जा उलटेल! आता गंगाजल!"

तांब्यातून धार पडली. दगड भिजून काळा झाला आणि त्या काळ्यावर फिकट अक्षरं उमटली. महाराजांनी ती भोंग्यावर वाचून दाखवली: 'मी सिद्धपुरुषाने खोदिली ही एकमुखी बारव. आता हिच्यात पाप साचले. बुजवा. वर मठ बांधा.'

माणसांनी हात जोडले. सरजाबाईंनी तर जागेवरच लोटांगण घातलं. बारवेची जमीन आबासाहेबांची. ते डोळे पुसत उठले आणि म्हणाले, "आज्ञा झाली! उद्या सकाळी जेसीबी बोलावतो."

मी हात जोडले नाहीत. मी इथल्या शाळेत इतिहास शिकवतो आणि माझी सवय वाईट आहे. वर्षाच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर एकच शब्द लिहितो, 'कशावरून?', आणि वर्षभर तो पुसू देत नाही.

माझ्या शेजारी नववीतल्या दोघी उभ्या होत्या, पिंकी आणि आबासाहेबांची नात भक्ती. जिल्ह्याच्या शालेय इतिहास संशोधन स्पर्धेसाठी दोघींनी हीच बारव घेतली होती. त्यांनी वर्गातल्या पोरांना हाताशी धरून बारवेतला कचरा उपसला, पायऱ्या मापल्या, म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. पुढच्या आठवड्यात परीक्षक बारव बघायला येणार होते.

पण पिंकीचा चेहरा उतरला होता तो स्पर्धेसाठी नव्हे. तिची पणजी केशरबाई सांगते, की निजामाच्या काळात बारवेची डागडुजी झाली तेव्हा पायऱ्यांचे दगड केशरबाईच्या आज्यानं घडवले. पायऱ्या घडवल्या, पण जातीमुळं त्या घरातल्या कुणाला त्या उतरून पाणी भरायची मुभा नव्हती. कुणी वरून ओतेल तेवढं ओंजळीत घ्यायचं.

"कशावरून, आजी?" पोरींनी तिलाही विचारलं होतं. माझेच संस्कार!

म्हातारी रागावली नाही. तिनं घरातला पाटा उलटा करून दाखवला. आज्यानं घडवलेल्या त्या पाट्याच्या पोटाला छिन्नीनं कोरलेलं मोराचं पाऊल होतं. पुढं गाळ उपसताना एका पायरीवर तेच पाऊल सापडलं. पोरींनी दोन्हींवर कागद ठेवून मेणखडू घासला, ठसे घेतले आणि शेजारी शेजारी लावून पाहिले. एकच हात!

"सर," पिंकी म्हणाली, "आमच्या घराची गावात एवढीच एक खूण हाय. ती बी बुजवायलेत."

मला संताप आला होता, पण संतापानं जेसीबी थांबत नसतो. तेवढ्यात भक्तीनं माझी बाही ओढली.

"सर, दगड एकमुखी म्हणायलाय!"

आता ही गंमत नीट ऐका. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, शाळेत मुलांचे तक्ते लावले होते. तेव्हा बारव निम्मी गाळात होती आणि उतरायची एकच वाट दिसायची. म्हणून पोरींनी तक्त्यावर ठळक लिहिलं: एकमुखी बारव. पुढं दिवाळीच्या सुट्टीत गाळ निघाला आणि मावळतीकडं दुसरी वाट सापडली. ते मोराचं पाऊल त्याच वाटेवर. म्हणजे बारव दोनमुखी! पोरींनी स्पर्धेच्या कागदात चूक दुरुस्त केली, पण शाळेतला तक्ता तसाच राहिला. आणि त्या सतरा सप्टेंबरला पाहुण्यांच्या खुर्चीत बसून, चिवड्याची दुसरी बशी मागून घेत, तक्ते मन लावून वाचणारा भगव्या शालीतला माणूस मला आता लख्ख आठवला.

"आन् अक्षरं कशी उमटतेत, ते बी आमाला ठावं हाय," पिंकी म्हणाली. रडू कुठल्या कुठं पळालं होतं.

सकाळी जेसीबी आला. महाराजांनी नारळ उचलला. तेवढ्यात पिंकी पुढं झाली आणि तिनं वाकून नमस्कार केला.

"महाराज, एक विचारू का? सिद्धपुरुषानं बारव एकमुखी खोदली, तर पलीकडची वाट कुणाची?"

"कोणती वाट?"

महाराज आजवर पलीकडं फिरकलेच नव्हते. सगळ्यांनी बोटं दाखवली. महाराजांनी मान उंचावून पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "ती... ती माया आहे, बाळ."

"माया?" सरजाबाई कमरेवर हात ठेवून उठल्या. "परवा म्या तिथंच घसरले. मायेनं ढोपर फुटतंय व्हय?"

हशा पिकला. हसू फुटलं की भीतीची अर्धी हवा जाते, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

"ऊर्जेचा अपमान!" महाराज ओरडले. तोवर भक्तीनं एक शहाबादी फरशी आजोबांच्या पायाशी ठेवली.

"आबा, बघा. कोरी हाय ना? हात लावा, काई उलटत न्हाई."

आबासाहेबांनी हात फिरवला. कोरी होती. भक्तीनं हापशाचं पाणी ओतलं. फरशी काळवंडली आणि फिकट अक्षरं उमटली: 'आबा, जेसीबी परत पाठवा.'

मागची माणसं टाचा उंचावून वाचू लागली.

"मेणबत्तीनं लिवलंय, आबा," भक्ती म्हणाली. "मेण लावलं तिथं पाणी मुरत न्हाई. बाकीचा दगड भिजून काळा होतो, मेणाखालचा कोरडाच राहतो. पायरीवर ठसे घेताना आमचा मेणखडू घसरला, तवा कळलं आमाला."

आबासाहेब उठले, चौरंगापाशी गेले आणि महाराज "नको, नको" म्हणत असताना त्यांनी दगडावर नख ओढलं. नखात मेण निघालं. ते त्यांनी बोटांत चोळून पाहिलं. माणूस अभिमानी आहे. त्या क्षणी मला त्यांची दयाच आली.

"महाराज," ते म्हणाले, "जीप उभी हाय. बसा."

महाराज इतक्या घाईनं गेले की दगड इथंच राहिला. आता तो शाळेच्या विज्ञान कोपऱ्यात आहे. येईल त्या पाहुण्यासमोर पोरं त्यावर पाणी ओततात आणि सिद्धपुरुष बिचारा रोज आज्ञा करतो.

जेसीबीनं त्या दिवशी बारवेभोवतीचा ढिगारा उचलला. स्पर्धेत पोरींचा दुसरा नंबर आला. पहिला झरीच्या शाळेनं नेला, आणि त्यांचं काम खरंच चांगलं होतं.

देव मानावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझं मागणं साधं आहे. कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी तेच हात दगडाला लावून पाहा. खरं असेल ते प्रश्न विचारल्यानं मोडत नाही. महाराज "हात लावू नका" म्हणाले होते. केशरबाईनं पाटा उलटा करून दाखवला होता. दोघांतला फरक एवढाच, आणि तो ओळखायला नववीपर्यंतचं शिक्षण पुरतं.

परीक्षक आले त्या दिवशी आबासाहेब स्वतः केशरबाईला बोलवायला तिच्या दारात गेले. म्हातारी पणतीचा हात धरून मावळतीच्या वाटेनं सावकाश खाली उतरली. मोराच्या पावलापाशी थांबून तिनं त्यावर बोट फिरवलं. मग खाली वाकून, आयुष्यात पहिल्यांदा, त्या बारवेचं पाणी तिनं आपल्या हातानं घेतलं.