झाकणावरचं जांभळं आईस्क्रीम

मित्रांनो, माझ्या झाकणावर जांभळ्या कंदाच्या आईस्क्रीमचा मोठा गोळा छापलेला आहे. त्यावर जाऊ नका. मी एक जुना प्लास्टिकचा डबा आहे. आईस्क्रीम माझ्यात एकदाच होतं, तेही एका दुपारपुरतं. त्यानंतर या घराने माझ्या पोटात काय काय भरलं, ते सांगायला बसलो तर तुमचा अभ्यास बुडेल.

माझा जन्म कारखान्यातला. मारिलूच्या बाप्तिस्म्याला तिच्या बाबांनी, म्हणजे अर्सेनियोने, मला घरी आणलं. पाहुण्यांनी मला चाटूनपुसून रिकामं केलं आणि मी कचऱ्याच्या वाटेला लागलो. तेवढ्यात मारिलूच्या आईने, फेलीने, मला उचललं, घासलं आणि उन्हात पालथं घातलं. शेजारीण हसली. "अगं, फेकून दे की तो."

"चांगला डबा कोण फेकतं?" फेली म्हणाली. त्या एका वाक्यावर मी आजवर जगलो आहे.

फेलीचा हात आखडता नव्हता, जपून चालणारा होता. शाम्पूची पुडी संपली की ती कापून आत पाणी फिरवायची. साबणाच्या चिपट्या एकमेकींना चिकटवायची. रात्रीचा भात उरला की सकाळी लसणावर परतायची, आणि घरातले तो मुद्दाम उरवायचे. मी कधी सुईदोरा सांभाळला, कधी सुकी मासळी, कधी उरलेलं कालवण. मारिलूच्या मैत्रिणी मला फ्रीजमध्ये बघून नाचायच्या, झाकण उघडायच्या आणि आतले मासे त्यांच्याकडे टकमक बघायचे. "तुमच्याकडे पण हेच?" एक जण म्हणाली. "आमच्याकडे डबा सोनेरी आहे, मासे तेच." मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण उपयोगी पडल्याचा आनंदही होताच.

अर्सेनियो दुसऱ्याची तीनचाकी चालवायचा. दिवसभर उन्हात प्रवासी ओढायचे आणि संध्याकाळी त्यातलं बरंचसं भाडं मालकाच्या हातावर ठेवायचं. पाऊस पडो, ताप येवो, भाडं चुकत नसे. मग लोलो कुलासने, म्हणजे म्हाताऱ्या कुलास आजोबांनी, आपली तीनचाकी विकायला काढली. फेलीने बायकांच्या भिशीत नाव घातलं होतं, आणि नेमका त्याच महिन्यात तिचा नंबर आला. लोलो कुलास म्हणाला, "संताच्या जत्रेत व्यवहार नको. सोमवारी या. दुपारपर्यंत आला नाहीत तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, मग मला बोल लावू नका."

आता मित्रांनो, आमच्या गावात भिशी लागली की ती आधी नातेवाइकांना कळते. चुलत दीर, मावसबहीण, सगळ्यांनाच नेमकी त्या आठवड्यात अडचण. फेलीला नाही म्हणता येत नाही, आणि हे तिला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने नोटा पिशवीत घट्ट बांधल्या, माझ्या तळाशी ठेवल्या, वर केळीचं पान घातलं आणि पानावर मासे रचले. "आता मागा म्हणावं, कुणाला मागायचंय ते," असं पुटपुटून तिने मला बर्फात सारलं. माझी छाती फुगली. घरातल्या सगळ्या डब्यांत तिने मला निवडलं होतं.

शनिवारी जत्रा झाली. आमच्याकडे जत्रेला दार उघडं असतं, ओळखीचा-अनोळखी कोणीही येतो आणि जेवून जातो. जाताना त्याच्या हातात काहीतरी बांधून द्यायचं, ही फेलीच्या सासूची, लोला म्हणजे आजी कन्सोर्सियाची, रीत. "माझ्या दारातून माणूस रिकाम्या हाताने गेला तर माझं नाक कापलं जाईल," असं ती म्हणायची. सगळ्यांत शेवटी निरोप घ्यायला आली आलिंग बेबांग, म्हणजे आपली बेबांग मावशी. ही विधवा बाई पहाटेपासून आमच्याकडे भांडी घासत होती. फेली मिरवणुकीला गेलेली, पातेली खरवडून झालेली. लोलाने फ्रीज उघडला, माझं झाकण वर केलं, मासे बघितले आणि मला आलिंग बेबांगच्या पिशवीत घातलं. "घे गं, उद्या तळून खा." मला ओरडावंसं वाटलं. पण डब्याला तोंड असतं, आवाज नसतो.

आलिंग बेबांग मला घेऊन होडीने तळ्यापलीकडे लेकीच्या घरी गेली. रविवारी सकाळी तिने मासे काढले, पान उचललं आणि पिशवी सोडून बघितली. मग ती पिढ्यावर बसूनच राहिली. त्या घराचा अर्धा पत्रा वादळात उडाला होता, त्या जागी निळी ताडपत्री फडफडत होती. तिचा जावई रुबेन डोकावला. तो सासूला नानाय, म्हणजे आई, म्हणायचा.

"नानाय, पत्रा येईल यात. आणि त्यांनीच दिलंय तुम्हाला."

"मासे दिलेत त्यांनी. मासे आपण खाऊ."

"मग फोन तरी करा."

"फोनमध्ये पैसे भरलेत कुठे? उद्या मीच जाते."

सोमवार उजाडला. मला वाटलं, आता निघेल. तर या बाईने चूल पेटवली, चिकट तांदूळ शिजत घातला आणि नारळ खवायला घेतला. रुबेन चक्रावला. "आता हे काय काढलंत?"

"रिकामा डबा परत द्यायचा का? लाज नाही वाटणार?"

"रिकामा कुठाय? पैशाने भरलाय की."

"ते त्यांचेच. माझं काय त्यात?"

गूळ विरघळायला वेळ लागत होता. सूर्य वर चढत होता. अगं बाई, निघ आता, असं मी मनातल्या मनात शंभरदा म्हटलं असेल.

इकडे फेलीची काय दशा झाली, ते मला नंतर कळलं. रविवारी तिने फ्रीज उघडला, तर मी जागेवर नव्हतो. लोलाला आठवलं, डबा बेबांगला दिला. बेबांगच्या खोपटाला कुलूप. लेकीचं घर नेमकं कुठे, फोन नंबर काय, कोणालाच ठाऊक नाही. लोलाने तेव्हापासून अन्नाला हात लावला नाही. फेली तिला रागाने काही बोलली नाही, त्यामुळे लोलाला जास्तच लागलं. सोमवारी अर्सेनियो नकार कळवायला लोलो कुलासकडे निघाला होता, आणि दाराशी मला पोटाशी धरून आलिंग बेबांग उभी राहिली.

फेलीने झपकन झाकण काढलं. आत नारळगुळाचा चिकट भात, वर केळीचं पान. फेलीचा चेहरा उतरला. पण मित्रांनो, आमच्याकडे पाहुण्याला असं विचारता येत नाही. ती हसून म्हणाली, "एवढा त्रास कशाला घेतलात, आलिंग? मासे गोड होते ना?"

"गोड होते. आधी तो भात ताटात काढ, पोरी."

"काढते सावकाश. बसा तुम्ही."

"आत्ता काढ. तू जसं ठेवलं होतंस, तसंच ठेवलंय मी. खाली दुसरं पान आहे, ते उचल."

फेलीने पान उचललं आणि मटकन खाली बसून रडू लागली. लोलाही रडली. अर्सेनियोने पिशवी शर्टात कोंबली आणि तो असा पळाला की एक चप्पल उंबऱ्यातच राहिली. तासाभराने तो परत आला, तो स्वतःच्या तीनचाकीवर. तिच्यातली पहिली प्रवासी होती आलिंग बेबांग, धक्क्यापर्यंत, आणि तिने कितीही म्हटलं तरी त्याने पैसे घेतले नाहीत.

आता माझ्या पोटात मासे नसतात. अर्सेनियो मालकाला जे भाडं द्यायचा, ते रोज संध्याकाळी माझ्यात पडतं. त्यातून दर महिन्याला थोडं, तळ्यापलीकडच्या छपरासाठी, बेबांगच्या नावाने भिशीत पडतं. लोला म्हणते तो उपकार नव्हे, भिशी आहे. बेबांगचा नंबर लागला की पत्रा येणार आहे. फेलीने झाकणावर चिकटपट्टी लावली आहे, कारण माझा एक कोपरा आता तडकला आहे.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. तुमच्या घरातला जुना डबा फेकू नका. त्याला घासा, उन्हात ठेवा, कामाला लावा. आणि तो कधी कोणाच्या घरून परत करायची वेळ आली, तर रिकामा देऊ नका. उशीर झाला तरी चालेल.