मनुबाईंचं चौथं

रविवारची उपासना सुटली की शमुवेल मास्तर चर्चच्या मंडळीची वही काखेत मारून हिंडलग्यात घरोघर फिरायचे. कुठल्या घरात माणसं किती, बाप्तिस्मा कुणाचा राहिला, आजारी कोण, सगळं त्या वहीत. मनुबाईंच्या दारात मात्र त्यांचा लई वेळ जायचा. मनुबाईंच्या थापा अख्ख्या गावाला ठाऊक. त्या कधी साधं खरं बोलल्या, तर ह्यांना ताप आलाय की काय, म्हणून घरचे कपाळाला हात लावून बघायचे!

"मास्तर, आमचा दोडक्याचा वेल हितल्या तुरुंगाची भिंत चढून पलीकडं उतरला बगा. आतले कैदी आता सुटायला तयार न्हाईत. म्हणत्यात, दोडकी तेवढी संपू देत!"

मास्तर पोट धरून हसले. "वहिनी, आता पोरं सांगा. तीनच नव्हं?"

"चार."

"तीन लिवा, मास्तर," धाकटा शांतवन आतनं ओरडला. "आमची आई दर खेपेला एक वाढवती!"

मास्तरांनी हसत तीन लिहिले आणि शेजारच्या घरात शिरले. इकडं मनुबाईंच्या घरात चुलीपुढं शांतवनची बायको सौम्या भाकरी करत होती. तीही हसली असावी. तिला आठवत नव्हतं.

आठवडा झाला, सौम्याचं असंच चाललं होतं. बेळगावच्या दवाखान्यात ती नर्स. रात्रपाळ्या करून दोन वर्षं जर्मन शिकली, पास झाली, तिकडच्या नोकरीचं पत्र आलं. आणि त्याच आठवड्यात कळलं, दुसरा महिना लागलाय. शांतवन म्हणाला, "आत्ता नुसतं रक्त हाय गं. तिकडं गेल्यावर निवांत बघू." पाडायला दवाखान्यातली मंगळवारची वेळ त्यानंच फोन करून घेतली. सौम्या "बरं" म्हणाली. तेव्हापासून ती सगळ्यालाच बरं म्हणायची. तिला वाईट वाटत नव्हतं, भीती वाटत नव्हती. अंगावरचं कुणीतरी सगळं काढून नेल्यासारखं झालं होतं.

भाकरी उलटताना तिचं बोट तव्याला टेकलं. तिनं ते काढलं, पण लई उशिरा. मनुबाईंनी ते बघितलं. मंगळवारचा फोनही त्यांच्या कानावर आला होता. त्या पाट ओढून शेजारी बसल्या.

"मंगळवारी कुठं निघालीस?"

"ड्यूटीला, आत्या."

"थापा मारायच्या तर नीट माराव्यात की गं. सासू कशाला हाय, शिकून घ्यायचीस!"

सौम्यानं पुढची भाकरी थापायला घेतली.

"मी चार म्हणते, ती पण तुला थापच वाटती, व्हय?"

"मग?"

"शांतवन तवा नऊ महिन्यांचा, मांडीवर. आन् मला परत दिवस गेले. मी निपाणीला तंबाखूच्या वखारीत होते. हंगाम ऐन भरात. मुकादम म्हणाला, पोट दिसलं की घरी बसायचं. सासू म्हणाली, चल सुईणीकडं, मोकळी हो. गेलते. दुसऱ्या दिवशी परत तंबाखू चाळत बसले."

सौम्या वाट बघत राहिली. आता काहीतरी येणार, वाघ येणार, भूत येणार, निदान एखादा जेलर तरी येणार. काहीच आलं नाही.

"आन् मग?"

"मग काय न्हाय. रडू पण आलं न्हाय. चौतीस वर्सं झाली, अजून न्हाय आलं. फकस्त कुणी इचारलं पोरं किती, की तोंडातनं चारच येतं. लोक हसत्यात. हसू देत. तेवढ्यापुरतं तरी ते मोजलं जातं."

दारात शांतवन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"आई... पण ते आत्ता बाळ हाय का? डोळ्यांनी दिसत सुदीक न्हाय."

"प्रभू आभाळातनं थेट गव्हाणीत पडला व्हय रं? नऊ महिने मरियेच्या पोटात होता! कुणाला दिसत नव्हता, तवाच त्याचं नाव ठरलंतं. नाताळात आपण त्याची गाणी म्हणायची, आन् आपल्या घरातल्याला नुसतं रक्त म्हणायचं?"

"मग हिची नोकरी? दोन वर्सं घातलीत तिनं!"

"मग तू सोस की! जीव देवाचा म्हणायचं आन् ओझं एकट्या बाईवर टाकायचं? त्या दिवशी सासूनं, तुझ्या बापानं, मंडळीतल्या एकानं जरी म्हटलं असतं, मनू, बस घरी, आम्ही हाय, तर आज मास्तरांच्या वहीत चार असते!" मग त्या सौम्याकडं वळल्या. "तुला काय पाहिजे, ते इचारलं का गं कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं! शांतवननं मान खाली घातली.

सौम्याचं बोट आता चुरचुरायला लागलं. मघाचं भाजलेलं आत्ता कुठं कळत होतं.

"मला हे पाहिजे," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून दचकली. "आन् मला जायचं पण हाय."

"मी तिकडल्या नोकरीवाल्यांस्नी कळवतो," शांतवन म्हणाला. "थांबले तर बरं, न्हायतर पुढल्या साली दुसरीकडं बघू. तू कामाला जा, पोराला मी सांभाळतो. मंगळवारचं आत्ताच रद्द करतो... माझं चुकलं, सौम्या."

यावेळी सौम्या बरं म्हणाली नाही. पाण्याच्या तांब्यात बोट बुडवून रडत बसली.

शांतवननं फोन केला, आणि मग शेजारच्या घरातनं मास्तरांना हाताला धरून आणलं.

"मास्तर, वही उघडा. आमच्या आईला पोरं चार."

मास्तर हसणार होते, पण त्याचं तोंड बघून थांबले. चष्मा पुसला, तीन खोडले आणि चार लिहिले. मनुबाईंनी नेहमीसारखं काहीतरी फेकायला तोंड उघडलं. दोडक्याचा वेल, कैदी, काहीच सुचलं नाही. त्या लिहिलेल्या चारवर बोट ठेवून तशाच बसून राहिल्या.

बायांनो, बाप्यांनो, पोटातला जीव देवानं दिलाय असं मानता ना? मग त्याला पहिल्या दिवसापासून माणसांत धरा. आणि जिच्या पोटात तो हाय, तिला आधी विचारा, मग तिच्या ओझ्याला खांदा द्या. पाडून टाक म्हणणारा निघून जातो, आणि पाप हाय म्हणणाराही निघून जातो. मागं चुलीपुढं ती एकटीच उरते. तिला एकटी ठेवू नका!