पहिल्या ओळीची वेगळी पाटी

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे. दिसायला इवलीशी! आधी हॅश (#), मग उद्गारचिन्ह आणि पुढे प्रोग्राम चालवणाऱ्या ‘रनहास्केल’ला धाडलेलं बोलावणं. २००६ साली मिठबावच्या संचिताने हास्केल या संगणकभाषेत भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा प्रोग्राम लिहिला आणि सर्वांत वर मला बसवलं. तिचे बाबा लवू होडीवर जाणारे. ते एका बोटाने ‘भरती’ एवढं फाइलचं नाव टाइप करत. लगेच मी रनहास्केलला हाक मारी आणि वेळा पडद्यावर झरझर उमटत. काय ऐट होती माझी!

दोन वर्षांनी मच्छीमार सोसायटीत नवा संगणक आला. त्यावरचं हास्केल नवं, घरचं जुनं. दोन्हीकडे चालावं म्हणून संचिताने मधे ‘हास्केल जुनं असेल तर हे, नवं असेल तर ते’ असं सांगणाऱ्या ‘हॅश-इफ’च्या ओळी घातल्या. त्या वाचून हवा तेवढाच मजकूर पुढे धाडायला आधी प्रीप्रोसेसर नावाचा प्रोग्राम येतो. हा गडी भलताच कडक! ओळीच्या सुरुवातीला हॅश दिसला की तो आपल्यालाच दिलेला हुकूम समजतो. मला बघून तो गरजला, “असला हुकूम नाहीच!” आणि सगळं ठप्प.

त्याच दिवशी सोसायटीची सभा होती. आपण स्वतः प्रोग्राम चालवून दाखवणार, असं लवूंनी गावभर सांगितलं होतं.

“धा वाजता सभा आसा. चलतला मां गो?” ते घाबरून विचारत होते.

संचिताने मला खोडलं! प्रीप्रोसेसर गप्प झाला खरा, पण आता नुसतं ‘भरती’ टाइप करून काहीच होईना. मला फार रडू आलं.

तिची आई हिरा बाजारासाठी पाट्यांत मासे भरत होती, एकीत पापलेट, दुसरीत मोरी म्हणजे छोटे शार्क. सगळं ऐकून ती म्हणाली, “अगो, मोरी आणि पापलेट मी कधी एका पाटयेत घालतंय? येगळी कर त्येंका!”

संचिता टाळी वाजवून उठली. हॅश-इफवाल्या ओळी तिने दुसऱ्या फाइलमध्ये नेल्या, प्रीप्रोसेसरला तिकडेच बोलावलं, आणि छोट्याशा ‘भरती’त पुन्हा पहिली मी! दुसऱ्या फाइलला हाक मारणारी एक ओळ माझ्याखाली आली.

सभेत लवूंनी एका बोटाने ‘भरती’ टाइप केलं. मी रनहास्केलला हाक मारली. वेळा उमटल्या!

“इली रे, भरती इली!” लवू ओरडले आणि सगळी सभा हसत उठली.

म्हणून सांगते, मित्रांनो, भांडण झालं म्हणून जुन्याला खोडू नका. आधी त्याला वेगळी जागा देऊन बघा. आज २०१० उजाडलं, लवू अजून एकाच बोटाने टाइप करतात, आणि त्यांची हाक पहिली मलाच ऐकू येते.